खड्ड्याने शिकवलेला डांबराचा धडा

मेसपासून परेड ग्राऊंडकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आपण दिवसातून निदान सहा वेळा जातो. सकाळी पीटीला धावत, परेडला कदम मिळवून, जेवणाला रांगेने. तरी आपल्या बुटांखाली नेमके काय आहे, याचा विचार मी ऑगस्ट महिन्यापर्यंत कधीच केला नव्हता.

त्या आठवड्यात तपासणी होती. माझ्या सेक्शनकडे हा रस्ता झाडून स्वच्छ करण्याचे काम आले आणि सेक्शन कमांडर मी होतो. वळणावर एक खड्डा होता आणि त्यात पाणी साचले होते. आम्हाला फक्त झाडायला सांगितले होते, पण मला वाटले, आपण जरा जास्त करून दाखवू. मेसच्या मागे उन्हाळ्यातल्या कामातून उरलेल्या डांबरी खडीचा ढीग पडला होता. तो दगडासारखा घट्ट झाला होता. आम्ही पहारीने त्याचे ढेकूळ फोडले, खड्ड्यातले पाणी खराट्याने उडवले, चार घमेली माल ओतला आणि फावड्याच्या पाठीने बडवला. पाऊस भुरभुरत होताच. काम झाल्यावर जागा काळी आणि सपाट दिसू लागली. हाऊसमास्टरांनी पाठ थोपटली.

पाचव्या दिवशी पीटीच्या वेळी सातवीतल्या एका कॅडेटचा पाय त्याच जागी खचला. तो हातावर पडला आणि डाव्या मनगटाचे हाड मोडले. संध्याकाळी मी एमआय रूममध्ये त्याला भेटायला गेलो. मला पाहून तो उठून बसला आणि म्हणाला, "सॉरी सर, मी खाली बघून धावलो नाही."

तो माझी माफी मागत होता. मला एक शब्दही बोलता आला नाही.

खड्डा कोणी भरला होता हे कोणी विचारले नाही, म्हणून शिक्षाही झाली नाही. दोन दिवस मला नीट झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी मी हाऊसमास्टरांकडे जाऊन सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "चूक कबूल केलीस, ठीक. आता ती का झाली हे शोधून काढ आणि सगळ्यांना सांग." म्हणून हा लेख.

डांबर म्हणजे नेमके काय?

बोलताना आपण रस्त्यावरच्या सगळ्याच काळ्या चिकट पदार्थाला डांबर म्हणतो. शास्त्रात मात्र यात दोन वेगळे पदार्थ आहेत. दगडी कोळसा हवा न लागू देता भट्टीत तापवला की कोक तयार होतो आणि सोबत एक काळा दाट द्रव निघतो. ते कोळशाचे डांबर, म्हणजे टार. त्यात कर्करोगाला कारण ठरणारी संयुगे बरीच असल्याने रस्त्यांसाठी त्याचा वापर आता जवळजवळ थांबला आहे.

आज रस्त्यावर जे असते ते बिटुमेन. आपल्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात कच्च्या तेलाच्या ऊर्ध्वपातनाची आकृती असते, ती आठवा. वरून गॅस, पेट्रोल, केरोसीन, डिझेल असे एकेक पदार्थ वेगळे होतात आणि मनोऱ्याच्या सर्वांत खाली जे उरते, तेच बिटुमेन. म्हणजे विमान, मोटार आणि स्टोव्ह यांचे भागवून झाल्यावर जो गाळ राहतो, त्यावर आपण धावतो. ॲस्फाल्ट हा शब्द अमेरिकेत बिटुमेनसाठी वापरतात, तर इतर अनेक देशांत खडी, वाळू आणि बिटुमेन यांच्या मिश्रणासाठी. या लेखात मी चिकट पदार्थाला बिटुमेन आणि मिश्रणाला डांबरी मिश्रण म्हणणार आहे.

निसर्गातही बिटुमेन सापडते. त्रिनिदाद बेटावर त्याचे एक मोठे तळेच आहे, त्याला पिच लेक म्हणतात. आपल्या उपखंडातले उदाहरण त्याहून जवळचे आहे. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या मोहेंजोदारोच्या महास्नानगृहातून पाणी झिरपू नये म्हणून बांधकामात बिटुमेनचा थर दिलेला आढळला. माणसाने हा पदार्थ पाणी अडवण्यासाठी वापरला. मग पाणी न शिरू देणाऱ्या या पदार्थाचा रस्ता पावसाळ्यातच का उखडतो? मला पडलेला खरा प्रश्न हाच होता.

भार पेलतो तो दगड

जॉन मॅकॲडम (१७५६–१८३६) या स्कॉटिश गृहस्थाने एक साधी गोष्ट सांगितली. गाडीचे वजन शेवटी जमीनच पेलते आणि ती कोरडी राहिली तर चांगले पेलते. म्हणून त्याने हाताने फोडलेल्या लहान, कोनदार खडीचे थर दिले, रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच ठेवला आणि पाणी वाहून जाईल अशी सोय केली. त्याच्या रस्त्यात डांबर नव्हते. कोनदार खडी एकमेकींत अडकूनच थर घट्ट होत असे. पुढे मोटारी आल्या आणि त्यांच्या वेगवान चाकांनी खडीमधली धूळ उडून रस्ते सुटू लागले. १९०१ मध्ये इंग्लंडमधल्या एडगर हूली या सर्वेक्षकाला एका ठिकाणी रस्त्यावर डांबराचे पिंप सांडलेले आणि त्यावर लोखंडाच्या भट्टीची मळी टाकलेली दिसली, असे सांगतात. तेवढ्याच तुकड्यावर धूळ उडत नव्हती. १९०२ मध्ये त्याने या मिश्रणाचे पेटंट घेतले. टारमॅक हा शब्द तिथून आला.

म्हणजे खडी आधी आली, डांबर नंतर. आजही १०० किलो डांबरी मिश्रणात बिटुमेन साधारण ५ किलोच असते. बाकी ९५ किलो खडी, कच आणि दगडाची भुकटी. वजन दगड पेलतो आणि बिटुमेन त्याला जागेवर धरून ठेवते.

शेंगदाण्याची चिक्की करताना तुम्ही घरी पाहिले असेल. गूळ गरम असतानाच दाणे घालायचे, ताटात ओतायचे आणि थंड होण्याआधी लाटण्याने दाबायचे. चिक्कीत गुळाचे प्रमाण बरेच जास्त असते, पण रीत तीच. गूळ कमी पडला तर दाणे सुटतात. बिटुमेन कमी पडले तर खडी सुटते. जास्त झाले तर उन्हाळ्यात ते वर येते, रस्ता चकाकतो आणि निसरडा होतो. नीट दाबलेल्या मिश्रणातही ३ ते ५ टक्के हवेच्या पोकळ्या मुद्दाम ठेवलेल्या असतात, कारण उन्हात बिटुमेन प्रसरण पावले तर त्याला जागा हवी. पण पोकळ्या याहून फार जास्त झाल्या तर त्या एकमेकींना जोडल्या जातात आणि त्यांतून पाणी आत शिरते.

घन की द्रव?

थंडीत बिटुमेनच्या तुकड्यावर हातोडा मारला तर तो काचेसारखा फुटतो. तोच तुकडा उन्हात ठेवून द्या, संध्याकाळपर्यंत तो पसरलेला दिसेल. अशा पदार्थाला श्यान-प्रत्यास्थ म्हणतात. झटकन भार आला तर तो घनासारखा वागतो आणि हळूहळू बराच वेळ भार राहिला तर द्रवासारखा वाहतो. म्हणून धावणाऱ्या ट्रकपेक्षा उभ्या ट्रकचे चाक रस्त्यात जास्त रुतते. सिग्नलजवळ आणि बसथांब्यावर चाकोऱ्या दिसतात, त्याचे हे एक कारण.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल या प्राध्यापकांनी १९२७ मध्ये एका नरसाळ्यात पिच भरून ठेवले. पिच म्हणजे डांबराचाच जास्त घट्ट भाऊबंद. १९३० मध्ये नरसाळ्याचे तोंड कापले. तेव्हापासून २०१४ पर्यंत त्यातून फक्त नऊ थेंब पडले.

बिटुमेन किती घट्ट आहे हे मोजण्याच्या चाचण्या आपल्या प्रयोगशाळेतल्या प्रयोगांसारख्याच सोप्या आहेत. एका चाचणीत २५ अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम भाराची सुई ५ सेकंदांत किती खोल जाते ते पाहतात. दुसऱ्या चाचणीत पितळी कड्यात बिटुमेन भरून त्यावर ३.५ ग्रॅमची पोलादी गोळी ठेवतात आणि मिनिटाला ५ अंश या वेगाने तापवतात. गोळी बिटुमेनसह २५ मिलिमीटर खाली आली की ते तापमान म्हणजे मृदुता बिंदू. भारतात श्यानतेनुसार व्हीजी-१०, २०, ३० आणि ४० असे चार प्रकार आहेत. व्हीजी-३० चा मृदुता बिंदू किमान ४७ अंश असावा लागतो. जिथे ऊन कडक आणि वाहतूक जड, तिथे व्हीजी-४० सारखे घट्ट बिटुमेन चालते. थंड प्रदेशात तेच तडकेल, म्हणून तिथे मऊ प्रकार लागतो. सीमा सडक संघटनेने लडाखमध्ये उमलिंग ला खिंडीतून १९,०२४ फूट उंचीवर डांबरी रस्ता नेला आहे. तिथे काम करणाऱ्यांना थंडीशी किती झगडावे लागले असेल, याचा अंदाज एवढ्यावरून येतो.

आता माझ्या पहिल्या चुकीकडे येतो. व्हीजी-३० वापरलेले मिश्रण प्लांटमध्ये साधारण १५० ते १६५ अंशांना तयार होते. टिपरमधून ताडपत्री झाकून ते आणतात आणि तापमान साधारण ९० अंशांच्या खाली जाण्याआधी रोलरचे काम संपवतात. त्यानंतर बिटुमेन इतके घट्ट होते की खडी एकमेकींत सरकून बसत नाही. आम्ही वापरलेला ढीग तीन महिने उघड्यावर पडला होता. फावड्याने कितीही बडवले तरी तो दाबला जाणे शक्य नव्हते. वरून सपाट दिसणारी ती जागा आतून चाळणी होती.

चार बरण्यांचा प्रयोग

दुसरी चूक पाण्याची. ती समजायला मला नोव्हेंबर उजाडला. दिवाळीच्या सुट्टीनंतर हा रस्ता नव्याने करायला कामगार आले. त्यांचे मुकादम आळंद भागातले, सोलापूरच्या बाजूचे असल्याने त्यांना मराठी चांगले येत होते. मी त्यांना ऑगस्टची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "बाळा, डांबराचं आणि दगडाचं लगीन कोरड्यातच लागतं. मधी पाणी आलं की लगीन मोडलं."

हे खरे आहे का, ते रसायनशास्त्राच्या सरांच्या परवानगीने आम्ही करून पाहिले. सुट्टीवरून येताना मी ट्रंकेतून पिशवीभर खडी आणली होती. आमचे गाव सातारा जिल्ह्यात, तिथला दगड काळा बेसाल्ट. आईने विचारले, "तिकडे दगड मिळत नाहीत का?" मिळतात, पण इथल्या पठारावरचा दगड ग्रॅनाइट आहे, आणि मला फरकच पाहायचा होता.

आम्ही चार गट केले. पहिला बेसाल्ट, धुऊन वाळवलेला. दुसरा ग्रॅनाइट, धुऊन वाळवलेला. तिसरा ग्रॅनाइट, धुळीने माखलेला. चौथा ग्रॅनाइट, ओला. गरम बिटुमेनमध्ये खडी बुडवण्याचे काम मुकादमांनीच लांब दांड्याच्या झाऱ्याने केले आणि आम्हाला लांब उभे केले. ओली खडी घालताच तडतड आवाज झाला आणि फेस आला, तेव्हा लांब का उभे केले ते कळले. हा प्रयोग कोणीही स्वतः करू नये.

प्रमाणित चाचणीत असे दगड ४० अंशांच्या पाण्यात २४ तास ठेवतात. आमच्याकडे तशी सोय नव्हती, म्हणून बरण्या साध्या पाण्यात आठ दिवस ठेवल्या. आठव्या दिवशी बेसाल्ट पूर्ण काळा होता. कोरड्या ग्रॅनाइटच्या काही कडा उघड्या पडून पांढुरक्या दिसत होत्या. धुळीच्या खडीवरचा थर नखाने सालीसारखा निघत होता. ओल्या खडीवर तर पहिल्यापासूनच बिटुमेन जेमतेम बसले होते, तेही निम्म्याहून अधिक सुटून बरणीच्या तळाशी पडले होते.

सरांनी कारण समजावले. बिटुमेन हे हायड्रोकार्बन, तेलाच्या जातीचे. ते पाण्यात विरघळत नाही, पण केरोसीन आणि डिझेलमध्ये विरघळते. म्हणूनच डिझेल गळणारी गाडी जिथे रोज उभी राहते तिथला रस्ता पोखरला जातो. दगडाच्या पृष्ठभागाला मात्र तेलापेक्षा पाणी जास्त जवळचे वाटते. सिलिका भरपूर असलेल्या ग्रॅनाइटला तर विशेषच. पाणी बिटुमेन फोडून आत जात नाही. ते फटीतून शिरते, दगड आणि बिटुमेन यांच्यामध्ये घुसते आणि दोघांना अलग करते. गाडीचे चाक वरून गेले की तेच पाणी पंपासारखे दाबले जाते. खडी सुटते, खालचा मुरूम भिजतो, जमीन मऊ पडते आणि खड्डा तयार होतो. माझ्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले. बिटुमेन पाण्याला हरत नाही, त्याची दगडावरची पकड हरते.

मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्रा. राजगोपालन वासुदेवन यांची पद्धत मला यामुळेच नीट समजली. ते टाकाऊ प्लास्टिकचा चुरा आधी गरम खडीवर टाकतात. तो वितळून खडीवर पातळ आवरण बसते आणि मग बिटुमेन मिसळतात. प्लास्टिकही हायड्रोकार्बनच्याच कुळातले, त्यामुळे बिटुमेन त्याला घट्ट धरते आणि पाण्याला दगडापर्यंत पोहोचणे अवघड होते. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

खड्डा भरण्याची योग्य रीत

मुकादमांनी आमच्यासमोर तोच खड्डा दुरुस्त केला. त्यांचे पहिले वाक्य होते, "खड्डा आधी मोठा करायचा, मग भरायचा." क्रम असा होता.

१. खड्ड्याभोवतीचा सैल भाग पक्का रस्ता लागेपर्यंत चौकोनात कापला. कडा उभ्या ठेवल्या, उतरत्या नाहीत. उतरत्या कडेवरचा पातळ थर लगेच सुटतो.

२. आतला सुटा माल, चिखल आणि धूळ काढून तळ पूर्ण कोरडा केला.

३. तळाला आणि कडांना बिटुमेनचे इमल्शन लावले. यात बिटुमेनचे बारीक थेंब पाण्यात मिसळलेले असतात. लावताना ते तपकिरी दिसते आणि पाणी निघून गेले की काळे होते. काळे होईपर्यंत थांबायचे. याला टॅक कोट म्हणतात.

४. गरम मिश्रण भरले, बाजूच्या रस्त्यापेक्षा थोडे उंच, कारण दाबल्यावर ते खाली बसते.

५. कडेकडून मध्याकडे धुम्मसने ठोकले आणि मग रोलर फिरवला. रोलरच्या चाकाला बिटुमेन चिकटू नये म्हणून त्यावर पाणी सोडत होते.

यातली एकही पायरी आम्ही ऑगस्टमध्ये केली नव्हती. पावसाळ्यात तातडीने खड्डा भरायचाच असेल तर त्यासाठी इमल्शनचे वेगळे थंड मिश्रण मिळते, हेही मला तेव्हाच कळले.

सगळ्यात शेवटी मुकादमांनी वळणावरची बाजूची गटार दाखवली. ती पानांनी आणि मातीने पूर्ण भरली होती. रस्ता मध्यभागी किंचित उंच असतो, दर मीटरला साधारण दोन सेंटिमीटर उतार, म्हणजे पाणी कडेला जाते. पण कडेला जायला वाटच नसेल तर ते रस्त्यातच मुरते. मॅकॲडमचे म्हणणे दोनशे वर्षांनी आमच्या वळणावर खरे ठरले होते. आम्ही वरचा काळा रंग पाहत होतो आणि दुखणे गटारीत होते.

मराठी वाचकांसाठी एक गोष्ट सांगतो. भारतातल्या रस्त्यांचा विचार करण्यासाठी १९२७ मध्ये जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते बॅ. मुकुंदराव जयकर. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू तेच. त्यांच्या समितीच्या शिफारशींतूनच १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. रस्ते कसे बांधावेत याचे तिने काढलेले नियम आजही देशभर पाळले जातात.

शेवटी

सातवीतल्या त्या कॅडेटचे प्लास्टर ऑक्टोबर उजाडण्याआधीच निघाले होते, पण त्याला आंतर-हाऊस फुटबॉल खेळता आला नाही. रस्ता झाला त्या संध्याकाळी मी त्याला वळणावर घेऊन गेलो आणि खड्डा मी भरला होता हे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग नव्या डांबरावर बूट घासत त्याने विचारले, "सर, आता परत नाही ना पडणार?"

ऑगस्टमधला मी असतो तर नाही म्हणालो असतो. मी त्याला खरे ते सांगितले. ऊन आणि हवा लागून बिटुमेन वर्षागणिक कडक होते, मग तडकते, आणि कधीतरी खड्डा पडतोच. पण गटार मोकळी राहिली तर तो दिवस बराच लांब जातो.

तेव्हापासून दर रविवारी नाश्त्यानंतर माझा सेक्शन त्या गटारीतली पाने काढतो. हे काम कोणी दिलेले नाही, आणि कोणत्याही तपासणीत ते दिसत नाही. दोन आठवड्यांपासून तोही खराटा घेऊन येतो.

— एक कॅडेट, इयत्ता दहावी